आईच्या खिडकीखालचा वाफा

१

हे मी कुणालाही सांगायचं नाही असं ठरलं होतं. म्हणजे ठरवलं बाबांनी, मी नुसती मान डोलावली. ‘धाकटीला तर मुळीच नाही,’ असं ते जाता जाता पुन्हा म्हणाले होते. आणि मी हे लिहितेय ते धाकटीसाठीच.

तोंडाने सांगणं मला जमणार नाही. वर्गात बाईंनी प्रश्न विचारला की उत्तर मला येत असतं, पण ते घशाशी येऊन बसतं आणि तेवढ्यात दुसरंच कुणीतरी ते देऊन टाकतं. धाकटीचं उलट. तिचं बोलणं आधी बाहेर पडतं, आपण काय बोललो ते तिला मागून कळतं. म्हणूनच तिला सांगायचं नाही, असं बाबांचं म्हणणं. पण आता सांगायलाच हवं, आणि आजच. का, ते शेवटी लिहीन. आधी पहिल्यापासून लिहिते, नाहीतर तिला वाटेल ताईला ताप चढलाय.

दुपार आहे. बाबा कामावर गेलेत. आई मागच्या खोलीत झोपलीय. मी पुढच्या खोलीत टेबलाशी बसलेय. धाकटी अंगणात आहे, नळ सोडल्याचा आवाज येतोय. पाय धूत असेल, नाहीतर उगाच पाण्यात खेळत असेल. कालपासून तिने माझ्याशी कट्टी घेतलीय. एका अर्थी बरंच झालं, निवांत लिहिता येईल.

२

आईच्या खोलीला मागच्या अंगणात उघडणारी खिडकी आहे, आणि खिडकीखाली तिचा वाफा. त्यात ती डेलिया लावायची. मग एका वर्षी त्यात ते तण आलं. कुठून आलं कुणास ठाऊक. नखाएवढी चकचकीत पानं, आणि खाली पांढरं, ओलं, दोऱ्यासारखं मूळ. आईने तिचं नाव ‘पाहुणी’ ठेवलं. ‘न बोलावता आली आणि आता निघायचं नाव घेत नाही,’ म्हणायची.

पाहुणीला कसं काढायचं हे आईने आम्हा दोघींना शिकवलं होतं. आधी वाफा भरपूर भिजवायचा. पाणी मुरलं की खुरप्याने बाजूची माती सैल करायची आणि मुळावर बोट ठेवून त्याच्या मागे मागे जायचं.

‘ओढायचं नाही,’ आई सांगायची. ‘ओढलं की तुटतं, आणि तुटलेला प्रत्येक तुकडा नवं बिऱ्हाड मांडतो. आपण घाई केली की ती जिंकली.’

धाकटीला एवढा दम कुठला! तिच्या हातात नुसती पानं यायची.

‘काय गं, भाजी खुडायला बसलीस का?’ आई हसायची.

‘एक दिवस मी अख्खी काढून दाखवीन,’ धाकटी म्हणायची. ‘मुळासकट. मग बघ.’

‘काढ बाई. त्या दिवशी तुझी मिरवणूक काढू.’

मग आई आजारी पडली. त्याबद्दल जास्त लिहीत नाही, ते धाकटीलाही आठवत असेल. शेवटी दवाखान्यातून तिला घरी आणलं. डॉक्टर बाबांना दाराबाहेर घेऊन गेले आणि म्हणाले, आता वाट बघायची. कशाची, ते त्यांनी सांगितलं नाही. आई डोळे मिटून पडलेली असायची. वाफ्याकडे बघायला कुणाला सवड नव्हती. डेलिया वाळून गेली आणि पाहुणी खिडकीच्या चौकटीपर्यंत चढली.

मग एका सकाळी आईने डोळे उघडले आणि पाणी मागितलं.

३

बाबा फरशा बसवतात. आमच्या भागातल्या कितीतरी घरांतली जमीन त्यांच्या हातची आहे. बसवून झाल्यावर ते थापीच्या दांड्याने एकेक फरशी वाजवून बघतात. भरीव आवाज आला तर पुढे सरकायचं, पोकळ आला तर उखडून पुन्हा बसवायची. ही सवय त्यांच्या इतकी अंगात मुरलीय की कुणाकडे गेलं तरी ते बसल्या बसल्या टाचेने जमीन वाजवतात. एकदा आईच्या मैत्रिणीकडे त्यांनी सगळ्यांसमोर सांगितलं, ‘वहिनी, तुमच्या कपाटाखालची एक पोकळ आहे.’ आई घरी येईपर्यंत त्यांना बोलत होती. ‘लोकांनी बसायला बोलावलं होतं, तपासणीला नाही!’

हे एवढ्यासाठी लिहिलं की पुढचं कळावं.

आईच्या पलंगाच्या पायथ्याशी, खिडकीच्या भिंतीलगत, एका फरशीचा कोपरा वर आला होता. तिला पाणी द्यायला गेले तेव्हा मला त्याची ठेच लागली. मी वाकून बोटाच्या पेराने वाजवून पाहिलं. पोकळ. शेजारचीही पोकळ.

संध्याकाळी बाबा थापी धूत होते. मी म्हटलं, ‘बाबा, आईच्या पलंगापाशी फरशी उचललीय.’

त्यांनी वर पाहिलं नाही. ‘असू दे,’ म्हणाले.

बाबांच्या तोंडून फरशीबद्दल ‘असू दे’ हे शब्द मी त्याआधी कधी ऐकले नव्हते.

दुसऱ्या दिवशी त्या फरशीवर एक पायपुसणं टाकलेलं होतं. पलंगापाशी, जिथे कुणी पाय पुसत नाही.

४

आई बरी होऊ लागली तसं मला वाटलं, ती उठून खिडकीशी येईल तेव्हा तिला वाफा स्वच्छ दिसायला हवा. सुट्टीच्या आदल्या संध्याकाळी मी झारीने वाफा भिजवला आणि सकाळी खुरपं घेऊन बसले. धाकटीला उठवलं नाही. तिने पानं तोडून सगळा गोंधळ केला असता.

आईने शिकवलं तसं एक जाड मूळ धरून त्याच्यामागे गेले. ते वाफ्यात पसरलं नव्हतं. सरळ भिंतीकडे गेलं होतं, खिडकीच्या बरोबर खाली, आणि तिथून खाली उतरलं होतं. घराच्या पायाखाली जाणाऱ्या मुळामागे कसं जायचं हे आईने शिकवलं नव्हतं. म्हणून मी ते बोटाभोवती गुंडाळलं आणि ओढलं.

खिडकीतून आईचा आवाज आला. ‘आई गं!’

मी उठून आत पाहिलं. आई डोळे मिटून पडली होती. पांघरुणाखाली तिचा उजवा पाय ताठ झाला होता आणि पायाची बोटं पुढे, माझ्याकडे, भिंतीकडे ओढल्यासारखी झाली होती. मला वाटलं, पेटका आला असेल. झोपून झोपून येतो.

मी खाली बसले. मूळ अजून हातात होतं. मग मी जे केलं ते का केलं मला सांगता येणार नाही. मी ते पुन्हा ओढलं, अगदी हलकं, आणि मान वर करून आत बघत राहिले.

पायाची बोटं हलली.

मी हात सोडला. मूळ मातीत मागे सरकलं. शिवताना दोरा सुईतून निसटतो तसं, थोडंसंच, पण सरकलं.

ताणलेली वस्तू सोडली की मागे जाते, त्यात नवल काय? आमच्या विज्ञानाच्या बाई सांगतात की दोन गोष्टी लागोपाठ घडल्या म्हणजे एकीमुळे दुसरी घडली असं होत नाही. ते वाक्य मी दिवसभर मनातल्या मनात म्हणत होते. आणि दिवसभर आईने डोळे उघडले नाहीत. संध्याकाळीही नाहीत. बाबा तिच्या उशाशी बसले, मग अंगणात गेले, आणि परत आले तेव्हा माझ्याकडे असे बघत राहिले की जणू मी काहीतरी फोडलंय.

५

पुढच्या आठवड्यात आईचे पाय पुसताना तिच्या पोटरीवर मला फोड दिसले. लालभडक, पाण्याने टरारलेले, भाजल्यावर येतात तसे.

‘हे कशाने झालं?’ मी विचारलं.

‘गरम पाण्याच्या पिशवीने,’ बाबा म्हणाले.

आमच्या घरात गरम पाण्याची पिशवी नाही. मी पाय पुसत राहिले. बोलायचं नसलं की मला कुणी हरवू शकत नाही.

दुपारी मी कपडे वाळत घालत होते, तेव्हा शेजारच्या काकू कुंपणावरून डोकावल्या.

‘काय गं मुके, आई कशी आहे?’

‘बरी आहे.’

‘देव पावला. आणि ऐक, तुमची ती बया भिंतीखालून आमच्या बाजूला शिरली होती. मेली ओढून निघेना. शेवटी किटलीभर उकळतं पाणी ओतलं तिच्या मुळांवर. आता बघ कशी मान टाकलीय! तुझ्या बाबांनाही सांग, जालीम उपाय आहे.’

माझ्या हातातला चादरीचा कोपरा मातीत पडला.

‘अगं, धुतलेलं आहे ते! लक्ष कुठेय तुझं?’

‘काकू,’ मी म्हटलं, ‘पुन्हा नका ओतू.’

‘का?’

उत्तर घशाशी येऊन बसलं. काकूंनी थोडा वेळ वाट पाहिली आणि ‘या घरात सगळे असेच,’ असं पुटपुटत त्या आत गेल्या.

६

त्यानंतर मी बाबांवर लक्ष ठेवलं. सकाळी आम्ही शाळेची तयारी करत असताना ते अंगणात जात. एकदा मी मागच्या दारातून पाहिलं. ते वाफ्याशी उकिडवे बसून झारीने पाणी घालत होते. एखाद्या फुलझाडाला घालावं तसं, हळूहळू, बुंध्याशी. वाळलेलं एक पान त्यांनी खुडलं आणि घाईघाईने आईच्या खिडकीकडे पाहिलं.

‘बाबा.’

ते दचकले नाहीत. फक्त झारी खाली ठेवली.

‘तू त्या दिवशी ओढलंस ना?’ त्यांनी विचारलं.

मी मान डोलावली.

‘मीही ओढलं होतं. तिला घरी आणलं त्याच आठवड्यात. हाताला काही काम नव्हतं, म्हणून वाफा साफ करायला बसलो. तुझ्या आईचा श्वास... मग सोडून दिलं. वाढू दिलं. आणि तिने पाणी मागितलं.’

‘पण हे असं कसं असेल?’

‘मला काय विचारतेस? मी फरशा बसवणारा माणूस.’

‘आतली ती फरशी तुम्ही काढलीत?’

‘मी नाही उचलली. ती आपोआप उचलली गेली.’ बाबांनी ओले हात पॅंटला पुसले. ‘मी फक्त परत बसवली नाही.’

मग त्यांनी मला सांगितलं की हे कुणाला सांगायचं नाही. धाकटीला कळलं तर उद्या शाळेला कळेल, परवा काकूंना, आणि मग कुणीतरी शहाणा माणूस औषधाचा पंप घेऊन दारात उभा राहील. धाकटीला नुसतं सांगायचं की वाफ्याला हात लावायचा नाही.

‘का, असं विचारेल ती.’

‘मोठ्यांनी सांगितलंय म्हणून.’

धाकटीने विचारलंच. मी तेच उत्तर दिलं. ती म्हणाली, ‘तुम्ही दोघं हल्ली कोपऱ्यात कुजबुजता आणि मी आले की गप्प होता. मी काय रस्त्यावरून आणलेली आहे?’

धाकटे, नाही गं. तसं नव्हतं.

(नळ बंद झाला वाटतं. बरं झालं, टाकी रिकामी केली असतीस.)

७

आई खरंच सुधारली. उठून बसू लागली. केस विंचरून घेऊ लागली. बाबांना म्हणाली, ‘दाढी करा हो, मला वाटलं घरात दुसराच कुणी शिरला.’ त्या दिवशी आम्ही सगळे किती हसलो! मी पण हसले. वाटलं, कसं का असेना, आई आहे. त्यापुढे एका तणाची काय बिशाद?

पण मी बघत असते. बोलणाऱ्यांना दिसत नाही ते गप्प बसणाऱ्यांना दिसतं. सकाळी आईचा चेहरा कपाटाकडे असतो, दुपारी दाराकडे. ऊन खोलीत जसं सरकतं, तशी ती सरकते. झोपेतसुद्धा. ती जेवण चिवडते, पण पाण्याचा तांब्या भरून ठेवावा तर लगेच रिकामा. आणि तिचा उजवा पाय. तो ती कधीच पांघरुणात घेत नाही. पलंगाच्या कडेवरून खाली सोडलेला असतो, पाऊल त्या पायपुसण्यावर.

एकदा मी तिचे केस विंचरत होते. फणी हातातून निसटून पलंगाखाली गेली. मी गुडघ्यांवर बसून वाकले.

पायपुसणं एका बाजूला सरकलं होतं. फरशी आता नुसती कोपऱ्यापुरती नाही, अख्खीच उचललेली होती, आणि खालून काहीतरी पांढरं वर आलं होतं. दोऱ्यासारखं नाही. वेणीसारखं. ते आईच्या टाचेपर्यंत आलं होतं, आणि टाचेपाशी ते कुठे संपतं आणि टाच कुठे सुरू होते, ते मी शोधत होते, तेवढ्यात वरून आईचा आवाज आला. अगदी तिचा, नेहमीचा, मऊ.

‘फणी राहू दे, बाळा. वर ये. आणि ताणू नकोस हं कधी.’

मी वर आले. ती खिडकीकडे बघून हसत होती. मी पुढची वेणी बोटांनीच घातली.

८

आता कालचं, ज्यासाठी हे सगळं लिहितेय.

गेले काही दिवस मी घरात चालताना टाचेने जमीन वाजवते. बाबांची सवय लागली असं आधी वाटलं. आईच्या दारातली फरशी पोकळ वाजली. मग मधल्या बोळातली. मग बोळाच्या या टोकाची. मी बाबांना सांगितलं नाही. मला त्यांच्या तोंडून पुन्हा ‘असू दे’ ऐकायचं नव्हतं.

काल सकाळी तुला उठवायला आले, धाकटे. तू पालथी झोपली होतीस, एक पाय पलंगाखाली लोंबकळत. तू नेहमीच अशी झोपतेस, लहानपणापासून. तुझ्या पावलाखालच्या फरशीचा कोपरा वर आला होता. सांध्यातून केसाएवढं बारीक, पांढरं काहीतरी बाहेर आलं होतं आणि त्याचं टोक हवेत हलत होतं. खोलीत वारा नव्हता.

मी तुझा पाय उचलून पलंगावर ठेवला. तू जागी झालीस आणि म्हणालीस, ‘ताई, पाणी दे ना. हल्ली सारखी तहान लागते.’

तू दोन तांबे पाणी प्यायलीस. मी मोजत नव्हते, पण दुसरा मीच भरून आणला. मग तू तोंड पुसून म्हणालीस, ‘आज आपण आईचा वाफा साफ करू या का? ती उठून बघेल तर कित्ती खूश होईल!’ आणि मी तुझ्यावर ओरडले. आयुष्यात पहिल्यांदा एवढ्या मोठ्याने. ‘हात लावलास तर बघ’ असं काहीतरी. तुझे डोळे भरले ते मी पाहिलं. पण मला भीती वाटली होती, तुझ्यासाठी की आईसाठी, ते मला अजूनही कळत नाही.

ते मूळ आपल्या खोलीच्या बाजूला तोडलं तर आईचं काय होईल? नाही तोडलं तर तुझं काय होईल? रात्रभर मी हाच हिशेब करत होते आणि तो जुळत नाही. एवढंच सुचलंय की आजपासून तू पुढच्या खोलीत, या टेबलावर झोपायचंस. हसू नकोस. पाय वर घेऊन. आणि संध्याकाळी बाबा आले की आपण दोघींनी मिळून त्यांना तुझ्या पलंगाखालची फरशी दाखवायची. मी एकटी बोलू शकणार नाही. तू बोल, मी शेजारी उभी राहीन.

अंगणातून खुरप्याचा आवाज येतोय का? नाही, काकूंकडचा असेल.

‘ताई! बाहेर ये ना, गंमत आहे!’

आली का कट्टी सोडून! ‘पाच मिनिटं,’ असं मी ओरडून सांगितलंय. एवढं संपवते आणि कागद तुझ्याच हातात देते. मी समोर बसून राहीन. वाचून झाल्यावर लगेच काही बोलू नकोस, एवढंच एक कर माझ्यासाठी. आधी तुझे पाय मला बघू

‘ताई, लवकर! पाहुणी अख्खी येतेय! आधी वाफा भिजवला, आईने सांगितलं तश्शी मागे मागे गेले, कुठ्ठेच तुटू दिली नाही! पण संपतच नाहीये गं, घराखालून येतेय. ये ना, धर माझ्याबरोबर!’

मागच्या खोलीत पलंग सरकला. त्याचे लोखंडी पाय फरशीवर घासले, खिडकीच्या दिशेने, आणि आता पुन्हा. धाकटे, सोड ते, हातातून सोड, ओढू नकोस, मी आलेच, आई